माझा शब्द मला पुरा करू द्या

सन दोन हजार एक. मी एकोणसाठ वर्षांचा होतो आणि तांबोळी सर एकतीसचे. शिरूरला न्हावरे रस्त्याला माझी कांद्याची वखार होती. त्या साली कांद्यात काही राम राहिला नव्हता म्हणून अर्धी वखार रिकामी पडली होती, आणि रिकामी जागा मला बघवत नाही. एका दुपारी एक उंच, बारीक माणूस दारात येऊन उभा राहिला. पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, बुटांवर एसटीची धूळ. मला नमस्कार करून म्हणाला, "आप्पा तुम्हीच ना? मला जागा पाहिजे. ब... ब... ब..."

कांद्याच्या वखारीत येऊन माणूस ब-ब करायला लागला तर आपण काय समजायचं? मी म्हणालो, "बटाटं ठेवायचं व्हय? बटाट्याला ही जागा चालायची न्हाई. पत्रा तापतो."

त्यानं मान हलवली. डोळे मिटून पुन्हा सुरुवात केली. "ब... ब..."

"बारदान?"

तो थांबला. रागावला नाही. उलट माझ्याकडं असा बघत राहिला की जणू मीच काहीतरी अडखळलोय आणि तो माझ्यासाठी थांबलाय. मग सावकाश म्हणाला, "आप्पा, माझा शब्द मला पुरा करू द्या. उशीर लागेल, पण माझा असेल."

मला गप्प बसा म्हणणारी माणसं आयुष्यात पुष्कळ भेटली. त्यातल्या एकाचंही मी ऐकलं नाही. त्या दिवशी ऐकलं. थोड्या वेळानं त्याचा शब्द तोंडाबाहेर आला. "बीबीए."

गावातल्या कॉलेजनं नवा कोर्स काढला होता. बारावीनंतर तीन वर्षं शिकायचं. माल कसा विकायचा, कारखान्याचं ऑफिस कसं चालवायचं, हाताखालची माणसं कशी सांभाळायची, हे शिकून विद्यापीठाची पदवी घ्यायची. कॉलेजच्या इमारतीत त्याला जागा नव्हती. विभागप्रमुख, मास्तर आणि क्लार्क असे तिन्ही तांबोळी सर एकटेच. पुण्याहून दोन-तीन मास्तर अधूनमधून येणार होते, आणि ते अधूनमधूनच आले.

मी चौथी पास. शाळेशी माझं जमलं नाही, आणि त्याचं मला कधी वाईटही वाटलं नाही. पण आपल्या वखारीत विद्यापीठ भरणार म्हटल्यावर मी आतून बाहेरून चुना मारून दिला. कांद्याचा वास मात्र शेवटपर्यंत गेला नाही. पंखा लावला की पत्र्याच्या कोपऱ्यातली टरफलं उडायची आणि पोरांच्या डोक्यावर जाऊन बसायची. सर पिशवीत एक फडकं ठेवायचे. रोज सकाळी पोरं यायच्या आधी सगळी बाकं स्वतः पुसायचे. शिपाई देतो म्हणून कॉलेज दोन वर्षं म्हणत राहिलं.

सर दौंडचे. वडिलांची स्टेशनबाहेर पानाची टपरी होती. रोज पहाटेच्या एसटीनं निघायचे. वरवंड, चौफुला, न्हावरे करत शिरूरला यायचे. साडेसातला पहिला तास. गाडी चुकली तर ट्रकमध्ये बसून यायचे, पण तास चुकला असं मी बघितलं नाही. शिरूरला खोली घ्या म्हणून मी किती वेळा सांगितलं. म्हणायचे, "दोन तास एसटीत बसलो की दोन तालुके भेटतात, आप्पा."

भेटतात म्हणजे खरंच भेटायचे. त्यांना एक खोड होती. कुणीही शेजारी बसलं की विचारायचे, "तुमचं बळ काय?" कंडक्टरला विचारायचे, न्हाव्याला विचारायचे. माणसं आधी चमकायची. मग विचारात पडायची. न्हावऱ्याची एक म्हातारी त्यांना म्हणाली होती, "माजं बळ माजी सून. पण तिला सांगू नगंस." हे वाक्य सरांनी वर्षभर वर्गात वापरलं.

मलाही विचारलं. मी म्हणालो, "माजं बळ म्हंजी मी कुणाचं ऐकत न्हाई."

"ते बळ नाही, आप्पा. तो धोका आहे," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच मोकळं हसले.

त्यांच्या शिकवण्याचा सगळा पसारा चार शब्दांवर उभा होता. बळ, उणीव, संधी, धोका. धंदा असो, कारखाना असो, नाहीतर माणूस असो, आधी हे चार बघायचे. सरांनी पेंटर बोलावून वखारीच्या चार भिंतींवर हे चार शब्द हातभर अक्षरांत लिहून घेतले. शिकवताना त्या त्या भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे, पोरांनी माना वळवायच्या. आता 'धोका' नेमका लाईटच्या मीटरवर आला. महिन्यानं वायरमन रीडिंग घ्यायला आला, ते अक्षर बघून दारातच थांबला. म्हणाला, "आप्पा, करंट उतरलाय म्हंजी भिंतीत?" मी सांगितलं, हा अभ्यास आहे. त्याला ते पटलं नाही. त्यानं वर्गातल्या एका पोराला मीटर वाचायला लावलं आणि लांबूनच लिहून घेतलं. सरांना हे सांगितलं तर ते गंभीर झाले. म्हणाले, "बघा, जाहिरातीत शब्द कुठं लावला त्यावर त्याचा अर्थ ठरतो. उद्या हेच शिकवतो." आणि खरंच दुसऱ्या दिवशी शिकवलं. वायरमनला बोलावून चहा पाजला ते वेगळंच.

संधी म्हणजे काय ते त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं. "जे आपल्या घरात आहे ते बळ. जे आपल्या दारावरून चाललंय ती संधी. हाक मारली तर आत येते, नाहीतर पुढच्या गावाला जाते."

तेव्हा रांजणगावला कारखाने येऊन काही वर्षं झाली होती. आमच्या भागातल्या पोरांना आधी वाटलं, आता काय, घराशेजारी नोकरी. नोकरी मिळाली, पण गेटवर. डोक्याला टोपी, हातात दांडकं, नाहीतर कंत्राटदाराकडं हेल्पर. आत खुर्चीवर बसणारी माणसं पुण्याहून बसनं यायची, संध्याकाळी बसनं जायची. सर गावोगाव जाऊन आईबापांना हेच सांगायचे. "तुमच्या पोराला माल ओळखता येतो. माणूस ओळखता येतो. बाजारात वाढलाय तो. पुण्याच्या पोराकडं हे नाही. याला फक्त ते मांडता येत नाही. तेवढं मी तीन वर्षांत शिकवतो." हे सगळं सांगायला त्यांना पुष्कळ वेळ लागायचा, कारण बाजार ब चा, बाप ब चा, बळ ब चं आणि कोर्सचं नाव तर दोनदा ब चं. देवानं माणसाची अडचण बघूनच धंदा दिला होता.

त्यातच गावानं कोर्सला एक नाव पाडलं. कॉलेजातलेच एक सर, नाव घेत नाही, कटिंगच्या दुकानात बसून म्हणाले, "बीए आपल्याला ठाऊक हाय. हे नवीन काय? तोतरं बीए." सगळं दुकान हसलं. संध्याकाळपर्यंत ते स्टँडवर पोहोचलं, आठवड्यात न्हावऱ्यापर्यंत. आणि यातली गंमत अशी की पुष्कळांना ती चेष्टा आहे हेच कळलं नाही. त्यांना खरंच वाटलं की हा बीएच आहे, फी जास्त आहे, आणि तोतऱ्या पोरांसाठी वेगळा काढलाय. राहू गावाकडचा एक बाप मुद्दाम एसटीनं आला, सोबत पोरगा. वखारीत येऊन मला म्हणाला, "आमचं पोरगं चांगलं बोलतं. पण घाईत अडाकतं कवा कवा. घेतील का याला?"

मी कपाळाला हात लावला. सरांनी त्या पोराला बसवून घेतलं, पाणी दिलं, बापाला सगळं नीट सांगितलं. बाप ऐकत होता आणि सरांच्या तोंडाकडं बघून त्याची खात्रीच पटत चालली होती की आपण ऐकलं तेच खरं. पोराचं नाव घातलं त्यानं. सर नंतर म्हणाले, "गावानं आपली जाहिरात फुकट केली. चुकीची केली, पण फुकट केली." मग बराच वेळ बाक पुसत बसले. ते बाक सकाळी पुसलेलं होतं.

पहिल्या वर्षाला दहा-बारा पोरं झाली. मुलगी एकच, न्हावऱ्याची सुवर्णा. तिच्या बापाला, किसनरावांना, मी कांद्यामुळं ओळखत होतो. कडक पण सरळ माणूस. पोरगी बारावीला बरी पास झाली होती, डी.एड.ला नंबर लागला नव्हता, आणि घरात लग्नाचं बघायला सुरुवात झाली होती. सरांनी मला सोबत नेलं. किसनराव गोठ्यापुढं खाटेवर बसले होते. म्हणाले, "आप्पा, हे कसलं शिक्षण? मास्तरीन व्हती का ही यातनं?"

"न्हाई. साहेब व्हती."

"कुणाची?"

"कुणाची म्हंजी? कारखान्यातली. खुर्चीवर बसती."

किसनरावांनी सरांकडं बघितलं. सर बोलू लागले. अडखळत, थांबत सगळं बोलले. किसनराव मध्ये एकदाही बोलले नाहीत, शब्द पुरवला नाही. मला त्यांच्याबद्दल तेव्हापासून आदर आहे. शेवटी म्हणाले, "मास्तर, तीन वर्सं म्हंजी तीनच. तवर तिच्या लग्नाचा इषय मी काढणार न्हाई. पण पदवी हातात आली पायजे. अर्धवट शिकल्याली पोरगी लय वाईट. तिला ना शेतात धरवत, ना घरात."

"तीन वर्षं पूर्ण करून देतो," सर म्हणाले. "शब्द देतो." हे ते एका दमात बोलले.

सरांचं शिकवणं मी वखारीच्या दुसऱ्या अर्ध्या भागात बसून ऐकायचो. कांदा निवडता निवडता कानावर पडायचं. निम्मं कळायचं नाही. पण एक गोष्ट मी डोळ्यांनी बघितली, ती सांगतो.

सरांनी पोरांना आठवड्याच्या बाजारात उभं केलं. एकेकाला एकेका दुकानदाराच्या पालावर. विकायचं, गिऱ्हाईक बघायचं, आणि संध्याकाळी येऊन त्या पालाचं बळ आणि संधी सांगायची. सुवर्णाला माझ्या कांद्याच्या ढिगापाशी बसवलं. पोरगी खाली मान घालून बसली. बाजारात तिचे दोन चुलते फिरत होते. तोंडातून आवाज निघेना. माणसं ढिगापुढून जात होती. मी हाळी मारायला उठलो, तेवढ्यात सर आले. ढिगामागं उभे राहिले, दोन कांदे दोन हातांत घेतले आणि तोंड उघडलं.

"या बाई, या बाप्पा, बघून घ्या, बोट दाबून घ्या, बाजारात असला दुसरा न्हाई, बांधून घ्या, बारा महिने टिकणारा..."

एक ब अडकला नाही. आवाज असा खणखणीत की समोरचा भांडीवाला वळून बघायला लागला. माणसं थांबली. सुवर्णा वर बघत राहिली. मग तीसुद्धा उभी राहिली, आणि चुलत्याच्या देखत तिनं पहिली हाळी मारली. चुलता म्हणाला, "अगं, जरा हळू." आणि दोन किलो घेऊन गेला.

बाजार उठल्यावर मी सरांना विचारलं, हे काय गौडबंगाल आहे. ते म्हणाले, "लहानपणी प्लॅटफॉर्मवर पानं विकायचो. गाडी थोडाच वेळ थांबायची. तोतरं बोलायला वेळ नव्हता."

"मंग रोज तसंच बोला की. वर्गात, आईबापांम्होरं."

त्यांनी मान हलवली. "हाळी म्हणजे बोलणं नाही, आप्पा. हाळी मारणाऱ्याला समोरच्याचं उत्तर ऐकावं लागत नाही."

दोन वर्षं गेली. पोरं पुढं सरकली. सुवर्णा सगळ्यात पुढं. सुट्टीत सरांनी तिला रांजणगावच्या एका कारखान्यात महिनाभर शिकायला पाठवलं, तर तिथल्या साहेबानं पदवी झाल्यावर येऊन भेट म्हणून सांगितलं. किसनराव मला बाजारात म्हणाले, "आप्पा, खुर्ची मिळंल असं दिसतंय." एवढंच बोलले. पण त्या दिवशी त्यांनी कांद्याच्या भावावरून माझ्याशी घासाघीस केली नाही.

खालच्या वर्षाला मात्र नवीन पोरं कमी येत होती. तोतरं बीए हे नाव काही पुसलं गेलं नाही. आणि सगळा तालुका डी.एड.च्या मागं लागला होता. दोन वर्षं शिका, गुरुजी व्हा, सरकारी पगार घ्या. संस्थेच्या पुढाऱ्यांनासुद्धा तेच दिसत होतं.

दोन हजार तीनचा जुलै. सुवर्णाची बॅच तिसऱ्या वर्षाला गेली होती. विद्यापीठाची समिती तपासणीला आली. जीपमधून तीन माणसं उतरली. कोर्स पुढं चालवायचा की नाही ते हे ठरवणार असं सरांनी मला सांगितलं होतं. सरांनी त्या दिवशी नवा शर्ट घातला होता. वखारीचा मालक म्हणून मलाही दाराशी उभं केलं होतं. समितीतल्या मोठ्या साहेबांनी नाकाला रुमाल लावला. भिंतीवरचा 'धोका' वाचला आणि शेजारच्याला काहीतरी म्हणून हसले. मग खुर्चीवर बसून म्हणाले, "हां, विभागप्रमुख. कागद आम्ही नंतर वाचू. तुम्ही थोडक्यात सांगा, या अभ्यासक्रमाची बलस्थानं काय आणि संधी काय?"

आता हे म्हणजे सरांना श्वास कसा घेता म्हणून विचारण्यासारखं होतं. दोन वर्षं ते दुसरं काही बोललेच नव्हते. ते उभे राहिले. "आमचं ब... ब... ब..."

"बिल्डिंग?" साहेब म्हणाले. "ती तर दिसतेच आहे."

"नाही. ब... ब..."

"बजेट?"

"सर, मला... पुरा करू द्या."

साहेबांनी घड्याळ बघितलं. प्राचार्य खाली बघत होते. पोरं मागच्या बाकांवर बसली होती. सरांच्या मानेची शीर तटतटली होती आणि शब्द येत नव्हता. मला राहवलं नाही. मी पुढं होऊन त्यांच्या कानाशी म्हणालो, "सर, हाळी मारा. बाजारात मारली तशी."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. हळूच म्हणाले, "मला यांचं उत्तर ऐकायचंय, आप्पा."

सुवर्णा उठली. "सर, मी सांगू का?"

"विभागप्रमुखांनी सांगायचं असतं," साहेब म्हणाले. बाकी आवाजात राग नव्हता. तसा नियम असेल.

शिरूरच्या बाजारात मी तोंडाच्या जोरावर जन्म काढला. मोठमोठ्या व्यापाऱ्यांना गप्प केलं. त्या दिवशी माझं तोंड माझ्याजवळच होतं आणि त्याचा उपयोग काही नव्हता. शब्द सरांचा होता. सर शेवटी बोलले. बळ म्हणाले, बाजार म्हणाले, ही पोरं काय घेऊन येतात ते म्हणाले, गेटवरून आत जायला किती पावलं आहेत ते म्हणाले. चांगलं बोलले. पण पहिला शब्द येईपर्यंत साहेबांनी पेनाला टोपण लावलं होतं, आणि बाकीचे येईपर्यंत फाईल मिटली होती. "ठीक आहे, लेखी दिलंय ना," साहेब म्हणाले. एवढंच उत्तर सरांना ऐकायला मिळालं. मग समिती प्राचार्यांच्या केबिनमध्ये जेवायला गेली.

सर अस्खलित बोलले असते तर कोर्स वाचला असता का? मी यावर पुष्कळ विचार केला. नसता वाचला. समिती जाऊन चार दिवस झाले नाहीत तोच पेंटरच्या दुकानापुढं डी.एड. कॉलेजचा भला मोठा बोर्ड वाळत ठेवलेला मी बघितला. त्याच पेंटरनं आमच्या भिंतींवर चार शब्द लिहिले होते. मी त्याला विचारलं, कधी सांगितलं हे काम? म्हणाला, "मागच्या महिन्यात. का हो?" म्हणजे समिती यायच्या आधी. संस्थेचं ठरलेलं होतं. सर ज्या दारासमोर घसा फोडत होते ते दार आतून कधीच लावलेलं होतं. मला चीड आली. ती चीड घेऊन मी प्राचार्यांकडं गेलो. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि म्हणाले, "आप्पा, माझ्या हातात काय आहे?" तो माणूसही खोटं बोलत नव्हता. कुणाच्याच हातात काही नव्हतं, आणि तरी ते झालं.

महिन्याच्या मध्यावर एका संध्याकाळी सर वखारीत आले. हातात खडूचा डबा. म्हणाले, कोर्स या वर्षापासूनच थांबवलाय. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या पोरांची नावं पुण्याच्या एका कॉलेजात लावून देणार आहेत. नियमात हे बसतं की नाही मला ठाऊक नाही, पण तसं झालं. पोरगे जातील. कुणी मामाकडं राहील, कुणी चौघांत खोली करील. सुवर्णाचं काय, हे आम्ही दोघंही बोललो नाही. किसनराव तिला पुण्याला एकटी ठेवणार नाहीत हे न्हावऱ्याच्या रस्त्यावरच्या दगडालाही माहीत होतं.

मी म्हणालो, "सर, कॉलेजचा कागद जाईल की त्यांच्या घरी. तुम्ही कशाला वाईटपणा घेता?"

"शब्द कॉलेजनं दिला नव्हता, आप्पा. मी दिला होता. उद्या सकाळी न्हावऱ्यात उतरतो. तुम्ही या. पण मध्ये बोलू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फटफटी काढून न्हावऱ्याला गेलो. दौंडकडून येणाऱ्या गाडीतून सर उतरले. दोघं चालत गेलो. किसनराव धारा काढून डेअरीच्या कॅनला झाकण लावत होते. सुवर्णा वेणी घालून, दप्तर खांद्याला लावून दारात उभी होती. पहिल्या तासाला निघालेली. आम्हाला दोघांना एवढ्या सकाळी बघून ती जागेवरच थांबली.

किसनराव म्हणाले, "या मास्तर. बसा."

सर बसले नाहीत. "किसनराव, कोर्स ब... ब... ब..."

बंद. मराठीत त्याला दुसरे शब्द नाहीत असं नाही. थांबला म्हणता आलं असतं, मिटला म्हणता आलं असतं. आदल्या संध्याकाळी मला तर थांबवला असंच म्हणाले होते. पण किसनरावांपुढं त्यांना तोच शब्द म्हणायचा होता. मी दात आवळून उभा राहिलो. किसनरावांचा हात झाकणावर तसाच. सुवर्णाला केव्हाच कळलं होतं, तिनं दाराची चौकट धरली होती. गाय एकदा हंबरली. आम्ही सगळे तो शब्द यायची वाट बघत होतो, आणि कुणालाच तो यायला नको होता.

"बंद झाला," सर म्हणाले. "मी दिलेला शब्द माझ्याच्यानं पुरा झाला नाही."

किसनरावांनी झाकण घट्ट बसवलं. "मंग आता?"

"पुण्याला नाव लागेल."

"पुण्याला म्या धाडणार न्हाई. तुमाला ठाव हाय."

"हो."

"मंग काय?"

"ठाऊक नाही," सर म्हणाले.

किसनराव खाटेवर बसले. फडक्यानं हात पुसले. मग म्हणाले, "मास्तर, तुमी यायला नको व्हतं. कागद आला असता तर म्या कागदाला शिव्या घातल्या असत्या. आता कुणाला घालू?"

सर हात जोडून उभे होते. मी गोठ्याच्या पत्र्याकडं बघत होतो. तेवढ्यात सुवर्णाच बोलली. आवाज साधाच होता, रोज विचारावं तसा.

"सर, आज तास हाय का?"

सरांनी तिच्याकडं बघितलं. मग किसनरावांकडं. "आहे," ते म्हणाले.

किसनरावांनी पोरीकडं न बघताच विचारलं, "एसटीचा पास कवापतूर हाय गं?"

"महिनाअखेर."

"मंग तवर जा." असं म्हणून ते उठले आणि कॅन उचलून डेअरीकडं चालायला लागले.

शिरूरची गाडी भरून आली. सर चढले, मागून सुवर्णा चढली. मी फटफटीवरून मागोमाग निघालो, पण मधल्या फाट्यावर ट्रॅक्टर आडवा आला आणि मला उशीर झाला. कोर्सचा आणि वखारीचा संबंध कागदावर संपला होता. पण जागा माझी होती आणि किल्ली सरांकडं होती. मी पोहोचलो तोवर कुलूप निघालेलं होतं, पंखा सुरू होता, सरांनी बाकं पुसून फळ्यावर तारीख घातली होती, आणि साडेसातचा तास पावणेनऊला सुरू केला होता.